धड्याखालचे प्रश्न आणि धड्याला प्रश्न

महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत धडे सुरू होण्यापूर्वी काही पाने ठरलेली असतात. संविधानाची उद्देशिका असते, प्रतिज्ञा असते आणि अनेक पुस्तकांत नागरिकांची मूलभूत कर्तव्येही असतात. पालक, गुरुजन आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन विद्यार्थी प्रतिज्ञेतून देतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवता, शोधक वृत्ती आणि सुधारणेची वृत्ती वाढवणे हे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे मोठ्यांचा मान राखायचा आणि त्यांनी सांगितलेले तपासूनही पाहायचे. प्रतिज्ञा रोज परिपाठात म्हटली जाते. कर्तव्यांच्या पानावर प्रश्न येत नाहीत, त्यामुळे ते पान बहुधा उलटले जाते.

मान राखून शंका घेणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती मुख्यतः भाषेच्या तासाला शिकता येते. विज्ञानात प्रयोगाचा निकाल समोर दिसतो. गोष्ट, कविता, चरित्र यांत मात्र कोणीतरी जग एका विशिष्ट बाजूने मांडलेले असते. ती बाजू ओळखणे, आपल्या अनुभवाशी ताडून पाहणे आणि जुळले नाही तर तसे सांगण्याजोगी भाषा कमावणे हे साहित्याच्या अभ्यासाचे खरे काम आहे. मराठीला ही वाट नवी नाही. तिच्यावरचे एक ठळक पाऊल तर शाळकरी मुलीच्या निबंधातच उमटलेले आहे.

१८५५ : एक निबंध

अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध दोन हप्त्यांत छापला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती, मांग समाजातली होती आणि जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात चालवलेल्या शाळेत शिकत होती.

या निबंधाचे कौतुक पुष्कळ होते. त्याची बांधणी मात्र फारशी पाहिली जात नाही, आणि ती वर्गात फळ्यावर मांडून दाखवावी इतकी स्पष्ट आहे. मुक्ता समोरच्याचे म्हणणे आधी जसेच्या तसे मान्य करते. वेद ब्राह्मणांचेच आहेत, इतरांनी ते पाहणेही पाप आहे, असे ते म्हणतात ना? ठीक आहे. मग ज्यांना तो ग्रंथ पाहता येत नाही त्यांच्यापाशी धर्मपुस्तक उरत नाही. आणि धर्मपुस्तक नसेल तर त्यांचा धर्म तरी कोणता? हा प्रश्न ती थेट देवाला विचारते. यात विरोधकावर आरडाओरडा नाही. त्याचेच विधान हातात घेऊन ती ते शेवटापर्यंत नेते, आणि तिथे पोहोचल्यावर ते विधान स्वतःच अडखळते. तर्काच्या पुस्तकात ज्याला प्रतिपक्षाच्या गृहीतकापासून सुरुवात करणे म्हणतात, ते ती तीन-चार वर्षांच्या शिक्षणावर करून दाखवते.

निबंधाचा दुसरा आधार अनुभवाचा आहे. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचे हाल ती सांगते आणि वाचणाऱ्यांना स्वतःच्या घरातल्या बाळंतपणाशी ते ताडून पाहायला लावते. शेवटी आपल्याच लोकांकडे वळून ज्ञानाचे औषध घ्या, असे विनवते. तर्क, पुरावा आणि आवाहन ही तिन्ही अंगे या छोट्या लेखनात आहेत.

हे घडले कसे, याचे उत्तर त्या काळच्या इतर शाळांकडे पाहिले की मिळते. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे, मोडी, पाढे आणि पाठांतर असे. मूल पावकी-निमकी धडाधड म्हणू शके, पण स्वतःचे एक वाक्य लिहिण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. फुल्यांच्या शाळेत मुलीच्या हाती कागद आला आणि विषय तिच्याच जगण्यातून आला, हा फरक मूलभूत आहे. जिला उत्तर पाठ करायचे नव्हते तिनेच प्रश्न लिहिला.

संवादात लिहिलेली पुस्तके

त्याच १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. नाटकात कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि शांतीच्या नावाखाली नवरा-बायकोला खर्चात पाडतो. मधूनमधून विदूषक येतो आणि जोशी जे बोलला त्याचा खरा अर्थ प्रेक्षकाला उलगडून दाखवतो. हा विदूषक म्हणजे प्रेक्षकासाठी नेमलेला शिक्षक आहे. तो कथा थांबवतो आणि आत्ता काय घडले ते पुन्हा पाहायला लावतो. अखेरीस ते जोडपे शाळेत जाऊन शिकायचे ठरवते.

१८७३ ची ‘गुलामगिरी’ तर जवळजवळ पूर्णच धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात आहे. धोंडीबा हा नुसता माना डोलावणारा श्रोता नाही. तो शंका काढतो, ऐकलेली दुसरी बाजू पुढे आणतो, पटले नाही तर पुन्हा विचारतो. दशावतारांच्या कथा दोघे मिळून वाचतात आणि प्रत्येक कथेला साधे, शेतकऱ्याच्या व्यवहारातले प्रश्न लावतात. वर्ण ब्रह्म्याच्या मुखातून, बाहूंतून जन्मले म्हणतात, तर जन्माचे एरवीचे सगळे नियम त्या अवयवांना लागू होतील का? कथेतल्या घटनांमागे फुल्यांनी जो इतिहास मांडला तो त्या काळच्या आर्य आगमनाच्या कल्पनांवर उभा आहे, आणि आजचा अभ्यासक त्यातले पुष्कळ काही मान्य करणार नाही. पण पद्धत टिकली आहे. ज्या वाचकाला वादविवाद म्हणजे भांडण असे वाटते, त्याला प्रश्न कसा विचारावा याचा नमुना धोंडीबाच्या रूपाने पानावरच मिळतो.

शाळेत न गेलेल्यांनाही ही पद्धत साधली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे घरीच वडिलांपाशी शिकलेल्या होत्या. त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. त्यांची हत्यारे घराघरांतली होती. पुराणे, पोथ्या, पतिव्रतांच्या कथा त्यांना पाठ होत्या, आणि त्याच कथा त्या उलट्या बाजूने वाचतात. पतीसाठी सावित्री यमाच्या दारापर्यंत गेली. मग पत्नीसाठी तिथवर गेलेला एक तरी नवरा पुराणात सापडतो का? दरवर्षी वटपौर्णिमेला ऐकलेली कथा तीच राहते, बदलतो तो वाचणारीचा डोळा. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले आणि त्यानंतर ते मराठीच्या अभ्यासक्रमांत व स्त्री-अभ्यासात वाचले जाऊ लागले.

ओळखीच्या गोष्टीलाच प्रश्न करण्याची ही रीत विसाव्या शतकातही फळाला आली. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शिवचरित्र शिकल्या. त्यामुळे त्या विषयात आता विचारण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटावे. गोविंद पानसरे यांच्या १९८८ च्या पुस्तिकेचे नावच ‘शिवाजी कोण होता?’ असे प्रश्नार्थक आहे. रयतेला हा राजा आपला का वाटला, त्याच्या सैन्यात आणि कारभारात कोण कोण होते, जमीन-महसुलाची व्यवस्था त्याने कशी बदलली, असे प्रश्न घेऊन ती वाचकाला पुन्हा त्या धड्याकडे नेते. बसस्टँडवर वाचता येईल इतकी ती सोपी आहे. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

तीन गुणांचे मत

पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून ‘बालभारती’ हे नाव मराठी घरांत पुस्तकाचेच नाव होऊन बसले. नववी-दहावीला ‘कुमारभारती’ आणि अकरावी-बारावीला ‘युवकभारती’ येते. दीर्घकाळ या पुस्तकांखालचे स्वाध्याय ठरलेल्या वळणाचे होते. एका वाक्यात उत्तरे, रिकाम्या जागा, संदर्भासह स्पष्टीकरण. उत्तर धड्यातच असे आणि विद्यार्थ्याचे काम ते शोधून उतरवण्याचे.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञान मूल स्वतः रचते, ही भूमिका घेतली. महाराष्ट्राचा स्वतःचा आराखडा २०१० मध्ये आला आणि दहावीच्या भाषा विषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. २०१८ पासून लागलेल्या मराठी कुमारभारतीची लेखी परीक्षा पुढे ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे झाले. लेखीत गद्य, पद्य, स्थूलवाचन, भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन असे विभाग आहेत. गद्याच्या उताऱ्यांवर आकलनाच्या कृतींनंतर ‘स्वमत’ येते आणि त्याला तीन गुण असतात. शालान्त परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःचे मत विचारले जाते, ही लहान घटना नाही.

प्रत्यक्षात काय होते ते दिवाळीच्या सुटीनंतर कोणत्याही दहावीच्या वर्गात दिसते. बाकांवर गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच असतात, आणि त्यांत स्वमताची नमुना उत्तरे छापलेली असतात. मत कसे सुरू करावे, मध्ये कोणते दोन मुद्दे घालावे आणि शेवट कोणत्या वाक्याने करावा हे सगळे तयार मिळते. क्लासमध्ये ते लिहून घेतले जाते आणि घरी पाठ होते. दोष मुलांना देता येत नाही. परीक्षकासमोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, वेळ थोडा असतो, आणि ओळखीचे उत्तर गुण हमखास देईल असे शिक्षकासह सर्वांनाच वाटते. वेगळे मत लिहिले तर ते चूक धरले जाईल या भीतीला एखाद्या उदाहरणाचीही गरज लागत नाही. अफवा पुरेशी असते.

कृतिपत्रिकेतली आणखी एक कृती बोलकी आहे. एक शब्द दिलेला असतो आणि तो उत्तर म्हणून येईल असा प्रश्न विद्यार्थ्याने तयार करायचा असतो. आकलन तपासायला ती चांगलीच आहे. पण दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात मुलाला प्रश्न रचायची जी थोडीफार संधी मिळते, तिथेही उत्तर आधीच ठरलेले असते.

दहावीच्या याच कुमारभारतीत प्रश्नांना भरपूर जागा देणारे पाठ आहेत, म्हणून ही कोंडी अधिक खटकते. नीरजा यांची ‘आश्वासक चित्र’ ही कविता घ्यावी. भातुकली खेळणारी मुलगी मुलाकडे चेंडू मागते. मुलगा आधी तिची थट्टा करतो, मग चेंडू देतो. ती तो सहज उंच उडवून झेलते आणि आता तू स्वयंपाक कर म्हणते. मुलगा थोडा घुटमळतो आणि भातुकलीशी बसतो. हे पाहणाऱ्या कवयित्रीला त्यात उद्याच्या जगाचे चित्र दिसते. नमुना उत्तर ‘स्त्री-पुरुष समानता’ या दोन शब्दांवर येऊन थांबते. पण आज सकाळी आपल्या घरात गॅसजवळ कोण होते, भांडी कोणी घासली, डबा कोणी भरला, हे वर्गाने फळ्यावर मांडले की कवितेतले चित्र आश्वासक का म्हटले आहे हा प्रश्न जिवंत होतो. कुणी म्हणेल की मुलीने दोन्ही करून दाखवले, मग मुलाने एकच का शिकायचे? कुणी म्हणेल की आमच्याकडे बाबाच स्वयंपाक करतात, कारण आई पहिल्या पाळीला जाते. हे मतभेद कवितेच्या बाहेरचे नाहीत. ती त्यासाठीच लिहिलेली आहे.

उन्नी-मुन्नी आणि मोठ्यांचा राग

मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून पाठ्यपुस्तकातच प्रश्न विचारणारी मुले आणण्याचा एक मोठा प्रयोग एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत झाला. २००५ च्या आराखड्यानंतर ही पुस्तके लिहिली गेली. पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव हे त्यांचे मुख्य सल्लागार होते. पानांच्या कडेला उन्नी आणि मुन्नी ही दोन रेखाटलेली पात्रे होती. मजकूर काहीही म्हणो, ती दोघे मध्येच तोंड घालून भाबडा किंवा आगाऊ प्रश्न विचारत. सोबत जुनी व्यंगचित्रे होती. चित्रकाराने कोणती बाजू घेतली आहे ते ओळखा, अशी त्यांमागची अपेक्षा होती.

मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. ते शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले होते आणि त्यात संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू दाखवले होते. बाबासाहेबांच्या मागे उगारलेल्या चाबकाचा अर्थ कसा लागतो, ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या मार सोसला त्या समाजातल्या विद्यार्थ्याला हे चित्र कसे दिसेल, हा प्रश्न खरा होता आणि तो विचारणाऱ्यांना मोडीत काढता येत नाही. पण तो प्रश्न वर्गात चर्चिला जाण्याऐवजी चित्र काढून टाकण्याचा निर्णय झाला. दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या खोलीची तोडफोड झाली. पुढे २०२३ मध्ये या पुस्तकांतले बरेच भाग गाळले गेले तेव्हा आपली नावेच पुस्तकांवरून काढा, अशी मागणी दोघांनी केली.

या प्रकरणाचा परिणाम एका पुस्तकापुरता राहिला नाही. वादग्रस्त ठरू शकेल असा उतारा आधीच टाळणे लेखक-संपादकांना सोयीचे झाले. वर्गातला शिक्षक तर याहून सावध असतो. जात, धर्म, गावातला पुढारी, एखाद्या महापुरुषाचे मूल्यमापन असा विषय निघाला की पालकांपैकी कोण उद्या दारात येईल याचा अंदाज त्याला घ्यावा लागतो. त्याच्या पाठीशी मुख्याध्यापक आणि शाळा उभी राहणार नसेल, तर त्याने शूर व्हावे असे बाहेरून सांगणे योग्य नाही.

चिमणीने दार उशिरा का उघडले

म्हणून सुरुवात लहान वयात आणि बिनधोक गोष्टींपासून केलेली चांगली. अनेक प्रयोगशील शाळांनी हेच केले आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात निबंधाच्या छापील विषयांऐवजी मुलांच्या अनुभवाच्या लेखनाला महत्त्व मिळाले. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी भागातल्या मुलांपर्यंत गोष्टी नेते आणि गोष्टीवर मुलांशी बोलण्याला वाचन शिकवण्याइतकेच महत्त्व देते. या कामाचे तंत्र दिसते तितके सोपे नाही.

कावळा-चिमणीची गोष्ट घ्यावी. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो आणि ती बाळाची एकेक कामे सांगत त्याला ताटकळत ठेवते. शिक्षकाने उत्तर गोष्टीतच असलेला प्रश्न विचारला, कावळ्याचे घर कशाचे होते, तर सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो आणि संभाषण तिथेच संपते. चिमणीने दार उशिरा का उघडले, असे विचारले तर हात वेगवेगळे वर येतात. ती घाबरली होती. ती खरेच कामात होती. तिला कावळा नकोच होता. इथे शिक्षकाचा पुढचा प्रश्न महत्त्वाचा असतो : हे तुला गोष्टीतल्या कोणत्या वाक्यावरून वाटले? या एका प्रश्नाने नुसते मत आणि आधार असलेले मत यांतला फरक सात वर्षांच्या मुलाला कळतो. मग तिसरी पायरी येते. ही गोष्ट कावळ्याने सांगितली असती तर कशी सांगितली असती? ज्या मुलांची घरे पावसात खरोखर गळतात, जी ऊसतोडीच्या हंगामात पालात राहतात, ती शेणाच्या घराला हसत नाहीत. वर्गातल्या बाकीच्यांना ते तेव्हा प्रथमच लक्षात येते.

यात शिक्षकाला दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, पहिले बरोबर उत्तर मिळताच ‘शाब्बास’ म्हणून पुढे जाण्याची. कौतुकाचा शब्द आला की इतर मुले आपला विचार गिळतात. दुसरी, शांततेला घाबरण्याची. प्रश्नानंतर काही सेकंद थांबले तर मागच्या बाकावरचे मूल बोलते, नाहीतर पुढच्या बाकावरची तीच चार मुले बोलत राहतात. घरची बोली वर्गात चालते की नाही यावरही पुष्कळ अवलंबून आहे. वारली, भिली, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला शंका आधी प्रमाण मराठीत बसवावी लागली तर तेवढ्यात ती निसटते.

वरच्या वर्गांत हेच तंत्र जास्त काटेकोर होते. एकाच घटनेवरचे दोन उतारे शेजारी ठेवायचे : पाठ्यपुस्तकातला चरित्रपर धडा आणि त्याच व्यक्तीचे आत्मकथन, किंवा गावातल्या सत्याग्रहाची वर्तमानपत्रातली बातमी आणि त्यात असलेल्या आजोबांची आठवण. कोणी काय सांगितले, काय गाळले, कोणाला नावानिशी आणले आणि कोणाला ‘काही लोक’ म्हटले हे विद्यार्थ्यांनी शोधायचे. मुक्ता साळवेचा निबंध इथे फार कामाचा ठरतो. त्यातली विधाने सुटी करून कोणते विधान कोणावर टेकले आहे हे मुलांनी बाणांनी दाखवायचे आणि मग त्याच रचनेत आपल्या वस्तीच्या एखाद्या प्रश्नावर, पाण्याच्या नळावर किंवा बंद पडलेल्या एसटी फेरीवर, लिहायचे. लिहिताना समोरच्याची बाजू प्रथम आणि न्याय्य शब्दांत मांडायची अट घातली, तर मान राखणे आणि शंका घेणे या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात साधतात.

अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण शाळेच्याच हाती असतात. त्यांतले काही धड्यावर विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या प्रश्नांना देण्याचा मार्ग शिक्षकाला खुला आहे. अट एवढीच ठेवावी की त्या प्रश्नाचे उत्तर धड्यात सापडता कामा नये. असे प्रश्न भिंतीवर लावले की शिक्षक त्यांची वाटणी करतो. काही ग्रंथालयातल्या कोशाकडे जातात, काही विज्ञानाच्या बाईंकडे, काही घरी आजीकडे, आणि काही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लेखी अर्ज बनून पोहोचतात. काहींना वर्ष संपेपर्यंत उत्तर मिळत नाही. ते पुढच्या तुकडीच्या यादीत सर्वांत वर लिहिले जातात.